ठिपकेबाईंची रुजवात

नक्कल विभागातून बाहेर पडणारा कागद कोणी तपासला, हे सही वाचायच्या आधी ठिपक्यांवरून कळे. इतर तपासनीस पान संपलं की एक तिरपी रेघ ओढून मोकळे होत. ही बाई मात्र तपासून झालेल्या प्रत्येक ओळीच्या उजव्या टोकाला पेनाने एक ठिपका ठेवी, मोहरीहून लहान पण ठाम. एकोणीस वर्षांत असे किती ठिपके पडले असतील ते सांगता येणार नाही. शेजारच्या मेजावरची टंकलेखिका म्हणायची, "तुमचे सगळे ठिपके रांगेत मांडले ना, तर रस्ता ओलांडून चहाच्या दुकानात जातील." त्यावर त्या म्हणत, "मग एकदा रांग तपासून घे. वाटेत एखादा सुटला असेल." न्यायालयाच्या त्या तळमजल्यावर त्यांना सगळे ठिपकेबाई म्हणत, आणि हाकेला ओ द्यायची तर त्या याच नावाला देत.

विभागाचं काम सांगायला सोपं आणि करायला जीवघेणं होतं. जुन्या निकालांचे कागद विटलेले असतात; छायाप्रत काढायला गेलं तर यंत्रातून नुसता काळा डाग बाहेर येतो. म्हणून ते टंकून काढायचे आणि मग मूळ कागदाशी अक्षरन्‌अक्षर ताडून पाहायचे. या ताडून पाहण्याला रुजवात म्हणतात, आणि तिला दोन माणसं लागतात. वाचक मूळ कागद मोठ्याने वाचतो, तपासनीस नकलेवर नजर ठेवतो, आणि ओळ जुळली की 'हं' म्हणतो. हं आल्याशिवाय वाचकाने पुढची ओळ उचलायची नाही. मुळात चूक असेल तर नकलेतही ती तशीच उतरली पाहिजे. मक्षिकास्थाने मक्षिका हा इतरांच्या तोंडी टोमणा असेल. या खोलीत तो कामाचा पहिला नियम होता.

ठिपकेबाईंच्या समोरच्या खुर्चीत वाचक म्हणून बसत ते रेडिओकाका. गळा चांगला, पण त्याला चढ नाही की उतार नाही. खुनाचा निकाल असो की सांडपाण्याच्या नळीचा तंटा, काकांच्या तोंडी दोन्ही एकाच पट्टीत येत. विरामचिन्हंसुद्धा ते उच्चारून वाचत, आणि ही खोड त्यांच्या घरापर्यंत पोचली होती. एकदा बायकोला फोनवर "आज उशीर होईल, स्वल्पविराम, तू जेवून घे, पूर्णविराम" असं सांगताना त्यांना सगळ्या विभागाने ऐकलं होतं. काकांचं म्हणणं, "वाचकाने सूर लावला की तपासनीस गोष्ट ऐकू लागतो. गोष्ट ऐकू लागला की अक्षर सुटतं." ठिपकेबाईंना हे पूर्ण पटलेलं होतं. एकोणीस वर्षं त्यांनी अक्षरं पाहिली, गोष्ट ऐकली नाही. निदान ऐकली नसल्याचं दाखवलं.

वकील व्हावं हे त्यांच्या मनात आलं एका भिंतीमुळे. एका म्हाताऱ्या बाईने तीस वर्षांपूर्वीच्या निकालाची नक्कल मागितली होती. वाद घरामागच्या भिंतीचा. निकालात पाच ठिकाणी भिंत पश्चिमेस होती आणि शेवटच्या, नेमक्या हुकुमाच्या परिच्छेदात ती पूर्वेस गेली होती. काकांनी 'पूर्वेस' असं सपाट आवाजात वाचलं. ठिपकेबाईंच्या पेनाचं टोक क्षणभर कागदावर अधांतरी राहिलं. मग त्या हं म्हणाल्या आणि ठिपका पडला. चार दिवसांनी म्हातारी खिडकीशी हजर.

"बाई, भिंत पश्चिमेला आहे. मी रोज तिच्यावर कपडे वाळत घालते."

"आजी, मूळ कागदातच तसं आहे. आम्ही काही बदलू शकत नाही."

"मग मूळ चुकलंय."

"ते न्यायाधीशांपुढे सांगावं लागतं. वकील करा."

"तुला दिसलं होतं का?"

ठिपकेबाई खोटं बोलायला अंमळ कच्च्या होत्या. "दिसलं होतं."

"दिसतं, पण सांगता येत नाही. असली कसली गं नोकरी तुझी?" म्हातारी रागावली नव्हती, तिने खरोखरच विचारलं होतं, आणि म्हणूनच ते वाक्य कुसळासारखं रुतून बसलं.

पुढच्याच महिन्यात त्यांनी संध्याकाळच्या विधी महाविद्यालयाची माहिती काढली. प्रवेशपरीक्षा एकशेवीस प्रश्नांची, वेळ दोन तास. प्रत्येक प्रश्नापुढे अ, ब, क, ड अशी चार वर्तुळं. योग्य ते काळं करायचं, तपासायचं काम यंत्राचं. खात्याच्या नियमाप्रमाणे कर्मचाऱ्याला या परीक्षेची परवानगी उभ्या नोकरीत दोनदाच मिळते. ठिपकेबाईंनी दुसरी संधी हिशेबात धरलीच नव्हती. आठ महिने त्यांनी डोळ्यांत तेल घालून अभ्यास केला. बसमध्ये त्या पुस्तक मांडीवर ठेवून बसत, आणि अधूनमधून खिडकीबाहेर बघत ओठ हलवत. घरात लेकीने भिंतीवर वेळापत्रक लावलं होतं, नवऱ्याने सकाळचा स्वयंपाक अंगावर घेतला होता. तो करपायचा, पण वेळेवर करपायचा.

परीक्षा झाली. पेपर बरा गेला, असं त्या म्हणाल्या; बरा म्हणजे त्यांच्या कोशात उत्तम. आणि निकाल लागला तो एकशेवीसपैकी सत्तावीस.

त्या संध्याकाळी धाकटे दीर नेमके घरी आलेले. ते शाळेत गणित शिकवत आणि घरीही शिकवल्याशिवाय राहत नसत. "वहिनी, साधा हिशेब बघा. एकशेवीस प्रश्न, चार-चार पर्याय. डोळे मिटून खुणा केल्या असत्या तरी तीस आले असते. सत्तावीस आणायचे म्हणजे अभ्यासच करावा लागतो."

कोणी हसलं नाही. मग ठिपकेबाईच हसल्या. "भाऊजी, तेवढा तर केला होता." त्यांनी उठून सगळी पुस्तकं गोणपाटात बांधली आणि नवऱ्याला ती माळ्यावर टाकायला सांगितलं. लेकीला दिरांच्या बोलण्यापेक्षा आईचं ते हसणं जास्त लागलं.

कचेरीत ही बातमी लपवावी असं त्यांना वाटलं नाही. डब्याच्या सुट्टीत त्यांनी काकांना आकडा सांगितला आणि वर पुस्ती जोडली, "हात दाखवून अवलक्षण. या वयात कुठे डोकं चालतं?"

काकांनी चष्मा काढून पुसला. "उत्तरपत्रिका बघितली?"

"त्यात काय बघायचं?"

"म्हणजे रुजवात झाली नाही."

"काका, तो निकाल आहे. नक्कल थोडीच आहे?"

"तुम्ही खुणा केलेला कागद तो मूळ. यंत्राने त्यावरून काढलेला आकडा ती नक्कल. आणि तुम्ही ती न ताडता ताब्यात घेतलीत. एकोणीस वर्षं माझ्यासमोर बसून हेच शिकलात? प्रश्नचिन्ह."

हा वार वर्मी बसला. दुसऱ्या दिवशी लेकीने परीक्षामंडळाच्या संकेतस्थळावरून आईच्या उत्तरपत्रिकेचं चित्र आणि अचूक उत्तरांची यादी छापून दिली. डबे बाजूला सरकवून ठिपकेबाई सवयीने उत्तरपत्रिका पुढे ओढू लागल्या, तर काकांनी तिच्यावर हात ठेवला.

"स्वतःच्या कागदाचा तपासनीस स्वतः होता येत नाही. नियम. यादी घ्या, तुम्ही वाचा."

एकोणीस वर्षांत पहिल्यांदा जागा बदलल्या. ठिपकेबाईंनी यादी वाचायला घेतली. "एक, ब." समोरून आवाज आला, "हं." "दोन, अ." "हं." "तीन, ड." "हं." चौथ्याला शांतता. काकांनी मान हलवली, उत्तर चुकलं होतं. पुन्हा हं, हं, हं. तिसाव्या प्रश्नाच्या पुढे ठिपकेबाईंचा आवाज काकांच्या नियमाबाहेर चढू लागला. "सावकाश," काका म्हणाले, "सूर लावू नका." एकशेवीस झाले तेव्हा काकांनी बोटांच्या पेरांवर ठेवलेला मेळ सांगितला. शहाण्णव बरोबर.

शहाण्णवाचे सत्तावीस कसे झाले? घोडं पेंड खातंय कुठे?

पुसट शाई वाचायला विभागात एक भिंग होतं. ठिपकेबाईंनी ते उत्तरपत्रिकेवर धरलं, आणि ओळीओळीने खाली सरकवत नेलं.

"काय दिसतंय?"

"ठिपके."

प्रत्येक उत्तराला काळ्या केलेल्या वर्तुळाच्या उजवीकडे एक ठिपका होता. उत्तर नीट वाचलं, खूण केली, तपासून पाहिली आणि हाताने आपलं काम केलं; डोक्याला विचारलंच नाही. वर्तुळं इतकी खेटून होती, की अ-चा ठिपका ब-मध्ये पडला होता, ब-चा क-मध्ये, क-चा ड-मध्ये. यंत्राला एकेका प्रश्नाची दोन-दोन उत्तरं दिसली आणि त्याने ती सगळी बाद केली. फक्त ड हे शेवटचं वर्तुळ. त्याच्या उजवीकडे कोरा कागद होता, तिथले ठिपके कोणाच्या अध्यातमध्यात नव्हते. बरोबर आलेले ड काकांनी मोजले. सत्तावीस.

"यंत्राच्या मते," काका सपाट आवाजात म्हणाले, "तुम्हाला फक्त ड येतो."

आणि पानाच्या माथ्यावर सूचना छापलेली होती: एकाहून अधिक वर्तुळांत खूण आढळल्यास उत्तर रद्द समजले जाईल. सूचना ठिपकेबाईंनी वाचली होती, यात शंकाच नव्हती. तिच्या उजव्या टोकाला ठिपका होता.

टंकलेखिका हसता हसता खुर्चीवरून घसरली. या वेळी ठिपकेबाईही मनापासून हसल्या, इतक्या की त्यांना डोळे पदराने पुसावे लागले, आणि त्यातले काही अश्रू हसण्याचे नव्हते. तक्रार करून उपयोग नव्हता. सूचना स्पष्ट होती. पण आपल्या डोक्यावर आलेलं बालंट आपल्या हातावर गेलं, हे त्यांना फार मोठं वाटलं. घरी गेल्यावर त्यांनी नवऱ्याला सांगितलं, "अहो, ते गोणपाट खाली काढा."

आता डोक्याची परीक्षा झाली होती, हाताची उरली होती. आणि खात्याच्या नियमाप्रमाणे ती शेवटची होती. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही, हे ठिपकेबाईंना पुढच्या महिन्यात उमगलं. लेक कोऱ्या उत्तरपत्रिका छापून आणी आणि शेजारी पहाऱ्याला बसे. "आई, पडला!" चौदाव्या प्रश्नाला. "आई, परत!" सोळाव्याला. हात आवळून धरला तर दुसरंच संकट उभं राही. ठिपका न ठेवलेली ओळ त्यांच्या लेखी तपासलेलीच नसे. त्या पुन्हा मागे जात, तेच उत्तर तीनतीनदा पाहत, आणि दोन तासांत ऐंशीच्या पुढे सरकत नसत.

नवरा लिफ्ट दुरुस्त करणारा. मितभाषी माणूस. पंधरा दिवस त्याने हे सगळं मुकाट्याने पाहिलं, आणि एका रविवारी भाजी चिरता चिरता म्हणाला, "अगं, लिफ्टच्या मागे एक लोखंडी वजन असतं. लोकांना वाटतं, उगाच ओझं. ते काढलं तर लिफ्ट चालायची नाही."

"मग?"

"तुझा ठिपका तसला आहे. काढू नकोस. जागा बदल."

उपाय इतका साधा होता, की आपल्याला का सुचला नाही याचा ठिपकेबाईंना थोडा रागच आला. ठिपका उत्तरपत्रिकेवर ठेवायचा नाही, प्रश्नपुस्तिकेत त्या त्या प्रश्नाशेजारी ठेवायचा. आठवड्याभरात हाताने नवी जागा मानली. सराव परीक्षांत ब्याण्णव आले, मग चौऱ्याण्णव, मग सत्त्याण्णव. गेल्या वर्षी प्रवेशाची रेषा पंच्याऐंशीवर थांबली होती. दिरांनी आकडे ऐकून नुसतं "असं?" म्हटलं, आणि गणिताच्या माणसाकडून ही बरीच मोठी दाद होती.

परीक्षेच्या दिवशी त्या अर्धा तास आधी पोचल्या. मोठी खोली, एकेकट्या बाकांच्या रांगा, भिंतीवर घड्याळ, आणि आजूबाजूला लेकीच्या वयाची मुलं. घंटा व्हायच्या आधी पर्यवेक्षिकेने कागद पाहून सूचना वाचली. तीही जेमतेम पंचविशीची असेल. "या वर्षीपासून प्रश्नपुस्तिका परत घेतल्या जातील. पुस्तिकेवर कोणतीही खूण आढळल्यास उमेदवाराची परीक्षा रद्द होईल."

ठिपकेबाईंना कोणीतरी लिफ्टमागचं वजन कापल्यासारखं झालं.

घंटा झाली. पहिला प्रश्न वाचला, उत्तर काळं केलं, आणि पेन हवेत थांबलं. ठेवायचं कुठे? उत्तरपत्रिका वर्ज्य, पुस्तिका वर्ज्य. त्यांनी पुन्हा प्रश्न वाचला. पुन्हा उत्तर पाहिलं. दहा मिनिटं झाली तेव्हा त्या सहाव्या प्रश्नावर होत्या. याच गतीने दोन तासांत बहात्तर. पुढच्या बाकावरच्या मुलाने सर्रकन पान उलटलं, तो आवाजही त्यांना टोमण्यासारखा वाटला.

सातवा प्रश्न दोन भावांच्या वाटणीचा होता. लांबलचक, मुद्दाम गोंधळात टाकणारा. तो वाचताना त्यांच्या लक्षात आलं, की आपण घाबरून सूर लावून वाचतो आहोत, भावाभावांची गोष्ट ऐकतो आहोत. त्यांनी डोळे मिटले आणि समोरच्या खुर्चीत काकांना बसवलं. प्रश्न पुन्हा सुरू झाला, या वेळी काकांच्या आवाजात. थोरल्या भावाने, स्वल्पविराम, धाकट्याच्या संमतीवाचून, स्वल्पविराम. सपाट. चढ नाही, उतार नाही. उत्तर आपोआप वर आलं. ते काळं करून त्यांनी सवयीने म्हटलं, "हं."

आणि पेनाचं टोपण लावलं. टक्.

ठिपक्याच्या जागी ते टोपण कसं आलं, हे त्यांना पुढे कधीच नीट सांगता आलं नाही. हं म्हणजे जुळलं; टोपण लागलं की पेनाला ठिपका ठेवायची सोयच उरत नव्हती. हं म्हटल्यावर काका पुढची ओळ उचलत, आणि काकांनी एकदा ओळ उचलली की मागे वळायची प्राज्ञा नसे. आठ. हं. टक्. नऊ. हं. टक्.

विसाव्याच्या सुमाराला पर्यवेक्षिका शेजारी येऊन उभी राहिली. "मॅडम, कोणाशी बोलताय?"

"कोणाशी नाही, बाळ. काम चाललंय."

"मनात करा ना. मुलं डिस्टर्ब होतात."

"बरं."

तिथून पुढचे शंभर हं त्यांनी गिळले. हनुवटी तेवढी दर वेळी किंचित खाली जाई. टोपण त्या अलगद, अंगठ्याने दाबून लावत. शेवटच्या प्रश्नाला काकांनी पूर्णविराम म्हटलं तेव्हा भिंतीवरच्या घड्याळात चार मिनिटं शिल्लक होती. त्यांना उत्तरपत्रिका एकदा तपासून पाहण्याची प्रचंड इच्छा झाली. त्यांनी टोपण लावलेलं पेन पिशवीत टाकलं, पिशवी पायाशी ठेवली आणि हात मांडीखाली धरून त्या चार मिनिटं बसून राहिल्या. त्या दोन तासांतलं सगळ्यांत अवघड काम तेच होतं, असं त्या सांगत.

गुण आले एक्क्याण्णव. रेषा याही वर्षी पंच्याऐंशीवर होती. दिरांचा फोन आला. "वहिनी, डोळे मिटून एक्क्याण्णव येत नाहीत. मी हिशेब करून बघितला." क्षमा मागायची त्यांची हीच रीत असावी, असं समजून ठिपकेबाईंनी ती पदरात घेतली. काकांनी आकडा ऐकला आणि कपाळाला आठी घातली.

"पाच कमी. पहिल्या खेपेला शहाण्णव होते."

"काका, तेव्हा ठिपके होते ना."

"हं," काका म्हणाले.

शिक्षणाच्या परवानगीच्या अर्जाला मूळ गुणपत्रक जोडावं लागलं आणि ते खात्याच्या दप्तरी जमा झालं. महाविद्यालयाला त्याची प्रमाणित प्रत हवी होती. दप्तरी गेलेला कागद नक्कल विभागाच्या खिडकीवाटेच बाहेर येतो, आणि छायाप्रत असली तरी रुजवात चुकत नाही. ज्याचा कागद त्याला आत बसता येत नाही, हाही नियम. म्हणून त्या दिवशी डब्याच्या सुट्टीत ठिपकेबाई अर्ज घेऊन बाहेर आल्या आणि खिडकीच्या गजांपलीकडे, म्हातारी उभी होती त्या जागी उभ्या राहिल्या. वकील व्हायला तीन वर्षं लागणार होती. तोवर भिंत काही पश्चिमेची हलत नाही, असं त्यांनी मनाशी धरलं होतं.

आत त्यांच्या खुर्चीत टंकलेखिका बसली. काकांनी गुणपत्रक उचललं आणि वाचायला सुरुवात केली. परीक्षेचं नाव. हं. बैठक क्रमांक. हं. उमेदवाराचं नाव त्यांनी इतर कुठलंही नाव वाचावं तसं वाचलं, चढ नाही, उतार नाही. मग गुण. आकडा एकदा अंकी आणि एकदा अक्षरी वाचायचा असतो. काकांनी तो अंकी वाचला. टंकलेखिका हं म्हणाली. त्यांनी अक्षरी वाचला. पुन्हा हं.

मग चष्मा जरा वर सरकवून, नियमात नसताना, त्यांनी तो आणखी एकदा वाचला. टंकलेखिका गोंधळून थांबली. हं या खेपेला खिडकीबाहेरून आलं.